सात नंबरची किटली

"काय करता आपण?" असं कुणी विचारलं की मिस्त्री छाती पुढं काढून सांगायचा, "बंदुका सांभाळतो." समोरचा माणूस लगेच अदबीनं बोलायला लागायचा. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, सोयऱ्यांच्या बैठकीत, सगळीकडं त्यानं हा प्रयोग करून पाहिला होता आणि तो एकदाही फसला नव्हता. मात्र पुढचा प्रश्न यायच्या आत तो घाईघाईनं हवापाण्यावर बोलू लागायचा, कारण पुढचं उत्तर जरा अडचणीचं होतं.

ते उत्तर असं, की त्या बाराच्या बारा बंदुका मुक्या होत्या. नळ्यांत शिसं ओतून बुजवलेलं, गोळीला ठोकणारी आतली सुई काढून टाकलेली. सत्तर वर्षांपूर्वी त्या खऱ्याखुऱ्या लढाईत गेल्या होत्या. आता युद्धस्मारकासमोर मानवंदना देणाऱ्या बारा जवानांच्या हातात त्यांनी नुसतं दिसायचं. झोकात दिसायचं. आणि त्यांना झोकात दिसायला लावणं हे मिस्त्रीचं काम. म्हणजे सांभाळणं कसलं डोंबलाचं, पॉलिश मारणं.

"नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा," तो स्वतःच बायकोला म्हणायचा. "तिथं बारा बंदुका आहेत, एकही उडत नाही. आणि तेरावा मी."

"तुम्ही उडता की," बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायची. "चहाला दोन मिनिटं उशीर होऊ दे फक्त."

तसा तो खरा शिपाईच व्हायचा होता. अठराव्या वर्षी भरतीला गेला. तळपाय सपाट निघाले आणि छाती दोन बोटं कमी भरली. डॉक्टर दयाळू होता, म्हणाला, फुगव. यानं फुगवली आणि नेमका खोकला आला. डॉक्टरच्या अंगावरच खोकला. "माझ्या लष्करी कारकिर्दीत मी एवढाच एक हल्ला केला," असं तो सांगायचा. मग एका सुताराकडं पलंग-कपाटांना पॉलिश मारायला लागला. स्मारकाच्या मोठ्या साहेबांचं टेबल त्या दुकानात आलं होतं. ते इतकं चकचकीत होऊन परत गेलं, की साहेबांनी टेबलापाठोपाठ पॉलिशवाल्यालाही बोलावून घेतलं. त्याला एकतीस वर्षं झाली. त्या साहेबांनंतर पाच मोठे साहेब आले-गेले, मिस्त्री तिथंच.

स्मारकाच्या मागं, जिन्याखाली त्याची खोली. गजांची एक खिडकी, भिंतीला बारा खाचांचा लाकडी घोडा, त्यात बारा बंदुका उभ्या. स्पिरिट आणि लाखेचा वास त्या भिंतींत इतका मुरलेला, की मिस्त्री सुट्टीवर असला तरी तो तिथंच आहे असं वाटावं. तो एका बुटक्या स्टुलावर बसायचा, पुढं लाकडी ठोकळ्यावर फडकं अंथरायचा, बंदुकीची नळी त्यावर खाली टेकवायचा आणि दस्ता वर, छातीशी धरून घासत राहायचा. पाठ दुखत नाही अशानं. एकतीस वर्षांत त्यानं बंदूक आडवी करून खांद्याला लावली म्हणून नाही. वाटलं नव्हतं असं नाही. पण कुणी खिडकीतून बघितलं तर? सपाट पायांचा पॉलिशवाला नेम धरतोय, हे दृश्य त्याला स्वतःलाच सहन झालं नसतं.

चमकवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं काम आवाजाचं, आणि ते बाहेर कुणाला ठाऊक नसतं. जवानांचे बारा पंजे एकदम बंदुकांवर पडतात आणि 'खाट्' असा एकच आवाज होतो ना, लोकांच्या अंगावर काटा येतो ना, तो मिस्त्रीचा कारभार. प्रत्येक बंदुकीच्या नळीवरच्या पट्टीचा स्क्रू तो अर्धा फेरा सैल ठेवायचा, आणि दस्त्याच्या पोकळीत, जिथं लढाईच्या काळात तेलाची बाटली असायची, तिथं पितळेचे दोन वायसर सोडायचा. कुठं दोन, कुठं तीन, कानानं ठरवून. "लोकांना वाटतं हा शिस्तीचा आवाज," तो म्हणायचा, "तो आहे सैल स्क्रूचा. आमच्या घरी विचारा, माझे सगळेच तसे आहेत." आता निवृत्तीला महिना राहिला तेव्हा त्यानं नव्या माणसासाठी हे सगळं एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं. एक नंबर: वायसर तीन. चार नंबर: स्क्रूला फार पिळू नये. सात नंबर: किटली, दर महिन्याला लांबी भरणे.

ही किटली म्हणजे मिस्त्रीच्या जन्माची ब्याद. तो नवीन लागला तेव्हा बाराही दस्त्यांवर काही ना काही कोरलेलं होतं. लढाईतल्या पोरांनी रिकाम्या वेळात केलेले उद्योग. कुणाचं अर्धं नाव, कुणी दिवस मोजायला मारलेल्या रेघा, एक फूल. आणि सात नंबरवर किटली. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी हुकूम सोडला, "बारा बंदुका एक दिसल्या पाहिजेत." मिस्त्री तरुण होता, नोकरी नवी होती, हात शिवशिवत होते. त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि सगळं घासून साफ केलं. नाव गेलं, रेघा गेल्या, फूल गेलं. साहेबांनी पाठ थोपटली. फक्त किटली जाईना. संगिनीच्या टोकानं खोलवर कोरलेली. आणखी घासावं तर दस्ता पातळ व्हायचा. शेवटी त्यानं लाकडाचा भुसा आणि लाख कालवून लांबी केली आणि खाचा बुजवून वरून पॉलिश मारलं. झालं, दिसेनाशी झाली. पण हवा बदलली की लांबी आकसायची आणि तिथून टवका उडायचा. पुन्हा भर. पुन्हा टवका. एकतीस वर्षं.

"कोण चहाबाज होता कुणास ठाऊक," मिस्त्री लांबी भरता भरता पुटपुटायचा. "समोर शत्रू उभा आणि ह्याला चहाची तल्लफ!"

तर निवृत्तीच्या दिवशी, म्हणजे स्मारकदिनाच्या समारंभातच, मिस्त्रीला प्रशस्तिपत्र मिळणार होतं. कारकुनानं मजकूर आधीच दाखवला होता: 'एकतीस वर्षांत बारा शस्त्रांवर एकही डाग दिसू दिला नाही.' मिस्त्रीनं तो इतक्या वेळा वाचला, की कारकुनानं कागद काढून घेतला. घरी भिंत मापून त्यानं खिळाही ठोकला. दोन आठवडे तो खिळा नुसताच भिंतीत होता. बायकोनं त्यावर आपली मोजायची टेप लटकवली.

"तिथं माझं प्रशस्तिपत्र येणार आहे," मिस्त्री म्हणाला.

"येईल तेव्हा टेप काढीन," बायको म्हणाली. "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी."

समारंभाला आठ दिवस होते. सकाळी खिडकीच्या गजांशी एक ऐंशीच्या पुढच्या आजीबाई येऊन उभ्या राहिल्या. लांबून येतानाच मिस्त्रीनं त्यांना पाहिलं होतं. डावीकडं झुकत, उजवीकडं झुकत, डुलत डुलत चालत होत्या. हातात कापडी पिशवी.

"बंदुकांचे मिस्त्री तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. "कारकुनानं पाठवलं. म्हणाला, त्यांनीच घासल्यात, त्यांनाच विचारा."

"बोला ना मावशी."

आजीबाईंनी पिशवीतून एक पत्र काढलं. घड्यांवर फाटलेलं, मागून कागद चिकटवलेलं. लढाईवरून त्यांच्या थोरल्या भावानं लिहिलेलं शेवटचं पत्र. तो परत आला नव्हता, त्याचं नाव बाहेरच्या दगडावर होतं. त्यांनी पत्र उघडलं, पण वाचलं नाही. पाठच होतं.

"दादा लिहितो, माझ्या बंदुकीचा नंबर पाठ कर, परीक्षेला येईल. नंबर दिलाय बघा. आणि लिहितो, दस्त्यावर तुझं चित्र काढलंय, म्हणजे बदक. मला बदकच म्हणायचा मेला, चालण्यावरून. लिहितो, सगळ्यांच्या बंदुका पुढं बघतात, माझं बदक मागं बघतं, घराकडं." त्यांनी पत्रातल्या नंबरावर बोट टेकवलं. "या वर्षी तुमच्या कार्यालयानं फाटकापाशी फलक लावलाय, बारा बंदुकांचे नंबर. त्यात दादाचा नंबर आहे. कारकून म्हणाला, ती तुमची सात नंबर. तिच्यावर बदक आहे का हो?"

मिस्त्रीनं घोड्याकडं वळून पाहिलं. घासलेले सगळे दस्ते डोळ्यांसमोर आले. आणि मग आठवलं: सात नंबर. किटली! जीव भांड्यात पडला.

"बदक? नाही हो मावशी. सात नंबरवर बदक नव्हतं."

"नक्की?"

"नक्की. एकतीस वर्षं माझ्या हाताखाली आहे ती. बदक असतं तर मला कळलं नसतं?"

"मग कारकुनानं आकडा चुकीचा लावला असेल," आजीबाई म्हणाल्या आणि पत्राची घडी घातली. घडी घालायला त्यांना बराच वेळ लागला. "दर वर्षी येते मी. बारा पोरं समोर उभी राहतात. या वर्षी वाटलं होतं, कुणाकडं बघायचं ते तरी कळेल." मग त्या आल्या तशाच डुलत गेल्या.

बंदूक बाहेरच्या माणसाला दाखवायची नाही असा नियम होता, म्हणून दाखवायचा प्रश्न आला नाही. आणि बदक नव्हतंच, म्हणून खोटं बोललो असंही झालं नाही. मिस्त्रीनं मनाशी हा हिशेब दोन-चार वेळा करून पाहिला आणि प्रत्येक वेळी तो बरोबर आला. तरी दिवसभर हात चालेना. कारण एक गोष्ट त्यानं गिळली होती: बदक नव्हतं म्हणाला, पण काय होतं आणि त्याचं काय केलं, ते सांगितलंच नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं.

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती मोठ्या टेबलावर कापड पसरून बेतत होती.

"मग होतं काय त्यावर?" तिनं विचारलं.

"किटली."

"बंदुकीवर किटली?"

"आता आहे त्याला मी काय करू? हे बघ." मिस्त्रीनं तिचा खडू घेतला आणि तिच्याच कापडावर काढून दाखवली. एकतीस वर्षं महिन्याला एकदा भरलेली, डोळे मिटून काढता आली असती. "हे पोट. ही वर डावीकडं तोटी. तोटीला तोंड आहे, अर्धवट उघडं. आणि ही उजवीकडं मूठ."

"झाकण?"

"झाकण नव्हतं. विसरला असेल घाईत."

बायको टेबलाच्या उजव्या अंगाला उभी होती, तिथून बघत होती. तिनं कात्री खाली ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "हे बदक आहे."

"काहीतरीच!"

"इकडं या. इथून बघा. ही तुमची तोटी म्हणजे मान आणि चोच. मूठ कसली, पाय आहेत ते दोन. आणि पायांखाली जमीन पण काढलीय बिचाऱ्यानं."

मिस्त्री टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी गेला. कापडावर एक बदक उभं होतं. करायला गेला गणपती अन् झाला मारुती म्हणतात. इथं पोरानं गणपती नीट केला होता, बघणाराच आडवा होता. मिस्त्रीनं सगळा जन्म बंदूक नळी खाली, दस्ता वर अशी धरली. त्या पोरानं ती मांडीवर आडवी घेऊन कोरलं होतं, शिपाई घेतो तशी. खांद्याला लावण्यासारखी एकदा जरी धरली असती, तरी कळलं असतं.

"तरी म्हटलं, छाती दोन बोटं कमी आहे," मिस्त्री म्हणाला. "डोकं किती बोटं कमी आहे ते मोजलंच नाही कुणी."

बायको हसली नाही. "त्या बाईंना सांगणार ना?" एवढंच तिनं विचारलं.

सांगणार कसं? पत्ता नव्हता. त्या समारंभाला येणार, नातेवाइकांच्या खुर्च्यांत बसणार, आणि बंदूक त्यांच्यासमोर फक्त तिथंच येणार. म्हणजे दाखवायचं तर समारंभातच. म्हणजे लांबी आधीच काढायला हवी. म्हणजे मोठे साहेब समारंभापूर्वी पांढऱ्या हातमोज्यानं दस्ते तपासतात तेव्हा हातमोजा तिथं अडकणार, आणि 'एकही डाग दिसू दिला नाही' हे वाक्य त्याच दिवशी, त्याच साहेबांच्या हातानं मरणार. एकतीस वर्षांत मिळवलेलं एकच वाक्य.

शूर माणसानं दुसऱ्या दिवशी सकाळीच लांबी उकरली असती. मिस्त्री रोज सात नंबर पुढ्यात घ्यायचा, रोज चांगली पुसायचा आणि रोज परत ठेवायचा. पाचव्या दिवशी तो कवायत मास्तरांकडं गेला. मास्तरांचा आवाज हुकूम देऊन देऊन असा झाला होता, की साधं बोलणंही ते मध्ये थांबून तोडायचे.

मिस्त्रीनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "सात नंबर रांगेच्या टोकाला घ्या. खुर्च्यांच्या बाजूला. दस्त्याची डावी बाजू त्यांना दिसेल अशी."

"मिस्त्री," मास्तर म्हणाले, "अहो तीन दिवस उरलेत. कागद घ्या, घरी जा. मग काय उकरायचं ते उकरा."

"मग मला आत कोण सोडेल? आणि त्या ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांना पुढच्या वर्षीचा वायदा मी कुठल्या तोंडानं करू?"

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं आणि मैदानावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सात नंबर... टोकाला!" आणि हळूच म्हणाले, "मी मात्र यातलं काही ऐकलेलं नाही."

समारंभाच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं बायकोची जाड सुई आणली आणि स्पिरिटचा बोळा लावून लांबी मऊ केली. एकतीस वर्षांचे थर. खालचे थर त्याच्या तरुण हातचे होते, ते जास्त घट्ट. चोच मोकळी झाली, मान झाली, पाय झाले. मानेच्या वर एक टिंब निघालं. ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं, खिळ्याचं भोक समजून त्यानं बुजवलं होतं. तो डोळा होता. पंख मात्र अर्धाच होता. उरलेला अर्धा वरवर कोरलेला असणार, तो त्याच्या पॉलिश पेपरनं पहिल्याच आठवड्यात गेलेला. मिस्त्रीनं बारीक पटाशी हातात घेतली. दोन रेघा मारल्या की पंख पुरा होईल, कुणाला कळणारही नाही. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. एकदा अक्कल चालवली तेवढी पुरे झाली, असं म्हणून त्यानं पटाशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा हातमोजा एक, दोन, तीन करत सुरळीत घसरत आला आणि टोकाला सात नंबरवर थांबला. जवान समोर बघत होता, त्याला बोलायची मुभा नव्हती.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्री मागून पुढं आला. रात्रभर पाठ केलेलं सगळं भाषण तो विसरला. "बदक आहे, साहेब."

"बदक?"

"हो साहेब. आधीपासून होतं. मीच बुजवलं होतं. माझी चूक झाली, म्हणून काल मोकळं केलं. ज्याचं आहे त्याची बहीण आज खुर्च्यांत बसली आहे."

साहेबांनी हातमोज्याचं बोट पाहिलं, बदक पाहिलं, घड्याळ पाहिलं. बाहेर बँड थांबला होता. "तुम्ही मला नंतर भेटा," ते म्हणाले आणि निघाले.

बारा जवान बाहेर गेले. मिस्त्री खांबाच्या आडोशाला उभा राहिला, त्याची नेहमीची जागा. पंजे पडले, खाट्, एकच आवाज. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत आजीबाई होत्या, मांडीवर पिशवी. त्या बाराही जणांकडं आळीपाळीनं बघत होत्या. टोकाची बंदूक त्यांच्यापासून चार पावलांवर होती, पण जवानाच्या पायाशी उभी, दस्ता खाली जमिनीला, बुटाच्या सावलीत. काही दिसत नव्हतं. मिस्त्री मनात म्हणाला, थांबा मावशी, आता शोकशस्त्र होईल, दस्ता वर येईल.

आणि तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. शोकशस्त्र म्हणजे नळी खाली, बुटावर. दस्ता वर, त्यावर दोन्ही पंजे, मान खाली. म्हणजे नेमकी मिस्त्री धरतो तशी! अरे देवा! किटलीच दिसणार! सगळी लांबी उकरली, प्रशस्तिपत्रावर पाणी सोडलं, आणि त्या म्हाताऱ्या माणसाला दोन मिनिटं समोर किटली दाखवणार! गाढवा, तो स्वतःला म्हणाला, एकतीस वर्षं तू हेच काम करतोस ना रे?

"शोक... शस्त्र!"

बारा बंदुका उलटल्या. बिगूल वाजून थांबला. मैदानावर कुणी हलेना. दोन मिनिटांची शांतता. आजीबाईंची नजर रांगेवरून फिरत टोकाला आली, दस्त्यावर थांबली, पुढं गेली. मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यांची नजर परत आली होती.

आजीबाईंची मान हळूहळू डावीकडं कलू लागली. आणखी कलली. शेजारच्या बाईला वाटलं चक्कर आली, तिनं आधाराला हात पुढं केला. आजीबाईंनी तो हात झटकला आणि मान आणखी कलवली, पार कान खांद्याला टेकेपर्यंत. सगळं मैदान ताठ उभं होतं आणि त्या एकट्या तशा वाकड्या मानेनं, तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. दोन्ही मिनिटं. खांबामागं मिस्त्रीचीही मान कधी वाकडी झाली, त्याला कळलं नाही.

समारंभ आटोपल्यावर त्या खिडकीशी आल्या.

"तेच आहे," त्या म्हणाल्या.

"हो मावशी."

"तुम्ही तर म्हणालात नव्हतं."

"मला ती किटली वाटायची," मिस्त्री म्हणाला. "आणि मीच ती घासली. लागल्या लागल्या, चमक यावी म्हणून. घासून गेली नाही म्हणून वर लांबी भरली. त्या दिवशी तुम्हाला एवढं सांगायचं धाडस झालं नाही."

आजीबाईंनी खिडकीचा गज धरला. "एकतीस वर्षं झाली म्हणालात ना तुम्हाला इथं?"

"हो."

"मी चाळीस वर्षं येते. त्या पहिल्या रांगेत बसते. आधी मागं बसवायचे, नंतर पुढं आले. म्हणजे दर वर्षी माझ्या नाकासमोरून गेलं की हो ते."

मिस्त्रीकडं सपाट पायांवर विनोद होता, छातीवर होता, सैल स्क्रूवर होता. यावर एकही नव्हता.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलंच," आजीबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, डोळे पुसले. मग त्यांना हसूच आलं. "पण किटलीसारखं दिसतं खरं. चित्रकलेत दादाला कायम भोपळा मिळायचा." जाता जाता त्या वळल्या. "पुन्हा भरू नका ते."

"मी आजच निवृत्त होतोय, मावशी."

"मग येईल त्याला सांगून जा."

साहेबांनी त्याला बोलावून घेतलं, सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत. म्हणाले, "मजकुरातलं ते वाक्य काढावं लागेल, मिस्त्री." कारकुनानं वाक्य काढून पाहिलं. ते काढल्यावर कागदावर नाव, तारीख आणि सही एवढंच उरत होतं, म्हणून प्रशस्तिपत्र तिथंच राहिलं. बायकोची टेप आजही त्या खिळ्यावर आहे.

खोलीत परत येऊन मिस्त्रीनं बारा बंदुका पुसून घोड्यात लावल्या. सात नंबर शेवटी राहिली. त्यानं दार लोटलं, खिडकीत कुणी आहे का पाहिलं, आणि मग कुणी असलं तरी असू दे म्हणून बंदूक आडवी उचलून खांद्याला लावली. गाल दस्त्यावर टेकवला. कोरलेल्या खाचा बरोबर गालाखाली आल्या, चोच, मान, अर्धा पंख. त्या पोराचाही गाल रोज इथंच टेकत असणार. समोर भिंतीवर त्याचीच पॉलिशची फडकी वाळत होती, नेम धरण्यासारखं काही नव्हतं. मिस्त्री तसाच उभा राहिला आणि त्याला रडू आलं.

नंतर त्यानं बंदूक जागेवर ठेवली, गालाचा घाम दस्त्यावर लागला होता तो पुसला आणि दारामागच्या कागदावरची एक ओळ खोडली. खाली नव्यानं लिहिलं: सात नंबर: बदक. हात लावू नये.